ओल्या मातीचे पाच दिवस

बोर्निओहून मी आणलेल्या बाटल्यांत जंगलाच्या मातीतले जीव अपेक्षेपेक्षा कमी निघाले. पाम तेलाच्या मळ्यातलेही जवळजवळ तेवढेच. मी राहते त्या टिलबर्ग शहरातून रोज ट्रेनने प्रयोगशाळेत जायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे: टाचणीच्या डोक्याहून लहान माइट, एरवी शेपटीच्या झटक्याने उडी मारणारे स्प्रिंगटेल. जंगल तोडून, कालवे खणून जमिनीतलं पाणी काढलं की हे जीव घटतात, असं आम्हाला वाटत होतं. आकडे तसं म्हणत नव्हते. प्राध्यापक म्हणाले, नवं काहीतरी आहे, लिही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

पद्धत सोपी आहे. मातीचा गोळा चाळणीवर ठेवायचा. वर दिवा, खाली नरसाळं आणि अल्कोहोलची बाटली. माती वरून सुकत जाते तसे जीव ओलाव्याकडे, खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. बोर्निओतल्या संशोधन केंद्रावर मी प्रत्येक गोळा बरोबर पाच दिवस दिव्याखाली ठेवला. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. शाळेपासून मला हेच बरोबर वाटत आलंय.

मार्चमध्ये विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी इथल्या एका ओल्या कुरणातली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या मुळापानांची काळी माती, दिव्यांखाली लावली होती. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मी बाटल्या काढल्या, सवयीने नव्या लावल्या आणि दिवे बंद करायला विसरले. सोमवारी नव्या बाटल्यांच्या तळाशी जीवांचा पांढुरका थर होता. आधीच्यांपेक्षा दाट.

मी स्टुलावर बसले. मळ्यातली माती कोरडी होती, ती पाच दिवसांत रिकामी झाली असणार. जंगलातली पिळली तर पाणी गळायचं. तिच्यातले जीव आतच राहिले होते, आणि सहाव्या दिवशी ते गोळे मीच केंद्रामागे फेकून दिले होते.

पुन्हा नमुने घेणं शक्य नव्हतं. माझ्याबरोबर चिखलात उतरणाऱ्या तिथल्या सहकाऱ्याने जानेवारीतच फोटो पाठवला होता: नमुने घेतले त्या जंगलाच्या जागी सरळ कालवा आणि पामच्या रोपांच्या रांगा.

घरी माझ्यासोबत राहणारी नागपूरची मैत्रीण कपडे वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं, आणि प्राध्यापकांनाही सांगणार म्हणाले.

“अगं, किडे येणार आहेत का तक्रार करायला?”

मी बादलीतला टॉवेल तिच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली, “बरं बाई, सांग. पण मग पीएचडी लांबली तर माझ्याकडे रडायचं नाही.”

प्राध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकलं. आकडे राहू देत, खाली एक तळटीप टाकू, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्यासमोर मी एरवी मान डोलावते.

“तळटीप कोणी वाचत नाही,” मी म्हणाले. “मळेवाले फक्त तक्ता दाखवून म्हणतील, मळ्याने काही घटत नाही.”

 मग तुझा अर्धा प्रबंध जाईल, ते म्हणाले. मी हो म्हटलं.

जंगलाचा रकाना त्याच दुपारी काढून टाकला. उरलेल्या तक्त्यात खोटं काही नव्हतं, पण आता तिथे नुसता मळा होता, जणू त्याआधी काही नव्हतंच. राहिलं सहकाऱ्याला कळवणं. कमरेएवढ्या पाण्यातून तो ते गोळे डोक्यावर घेऊन यायचा. तीनदा मेल लिहून खोडली. शेवटी एवढंच पाठवलं की चूक माझी आहे, आणि तू आणलेल्या मातीत मी मोजले त्याहून बरेच जीव होते. किती, ते आता मला सांगता येणार नाही.