चौकटीवरच्या रेघा

कोल्हापूरची पहिली एसटी गाठायची म्हणजे आमच्या गावातून उजाडायच्या आधी निघावं लागतं. दादा ओढ्यापर्यंत सोडायला आला. वहिनी बाळूला कडेवर घेऊन दारात उभी होती. फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या पिशवीत ठेवत ती म्हणाली, "भावजी, जमीन काळी का तांबडी ते तुमचं दादा मागनं बघतील. तुमी शिकल्यालं. तुमी एवढंच बघून या, तिकडं प्वार वाढंल का."

आमचं गाव दूधगंगेच्या खोऱ्यात आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण थोड्या वर्षांत ते धरणाच्या पाण्याखाली जाईल आणि मग वाचणाऱ्याला ते सापडायचं नाही. सरकारने आम्हाला कोल्हापूरच्या पूर्वेला, सपाटीवर, नवी जमीन दाखवली आहे. शेजारच्या गावची काही घरं गेल्या वर्षीच तिकडे गेली. पावसाळ्यात त्यांतलं एक लहान मूल दगावलं. ती बातमी परत आमच्या पाणवठ्यावर आली तेव्हा तिचं रूप बदललं होतं : तिकडच्या पाण्यात पोरं वाढत नाहीत. पहिल्या तुकडीत जायचं की नाही, हे दादाने येत्या आठवड्यात पुनर्वसनाच्या साहेबांना सांगायचं होतं. दादा तयार होता, वहिनी नव्हती. भाताची कापणी सोडून दादाला निघता येईना, म्हणून मला पाठवलं.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात बी.ए.ला आहे, विषय इतिहास. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं कळतं अशी घरच्यांची समजूत आहे. खरं म्हणजे इतिहासाच्या तासाला मला भलतेच प्रश्न पडतात आणि ते विचारायचं धाडस होत नाही. तुघलकाने राजधानी दौलताबादला नेली, तेव्हा दिल्लीच्या बायकांनी चुलीचे दगड बरोबर घेतले का? करवीरची राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली, तेव्हा गडावरच्या माणसांना खालचं पाणी मानवलं का? पुस्तकात राजा उठतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. त्याच्या मागून चालत गेलेल्यांबद्दल काही नसतं. आता मागून चालायची पाळी आमच्यावर आली होती, म्हणून हे प्रश्न जास्तच पडत होते.

कोल्हापूर दिसलं ते धुराड्यांनी आणि देवळाच्या शिखरांनी. स्टँडवर उतरून शाहूपुरीच्या बाजूला चालत गेलो आणि एका हॉटेलात भीत भीत मिसळ मागितली. वाढणारा माणूस कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) घेऊन आला.

"वाढू का पावणं?"

"थोडाच."

"थोडा कट आमच्यात मिळत न्हाय," असं म्हणून त्याने ताटली भरली. मी त्याच जिल्ह्याचा, तरी पाहुणा. डोळ्यांतून पाणी आलं, पण असं चवदार मी क्वचित खाल्लं असेल. माझ्याकडे पाहून त्याने न मागता दह्याची वाटी ठेवली आणि तोंडाने मात्र म्हणाला, "डोंगरातलं दिसताय."

संध्याकाळपर्यंत वेळ होता. टाऊन हॉलच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयात गेलो. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे, तिथे खणताना दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. त्या गावातल्या वस्तू इथे मांडल्या आहेत. त्यांत एक वीतभर पितळी रंगाची मूर्ती होती. उघड्या अंगाचा, दाढीवाला पुरुष, एक हात उंच उगारलेला. हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव, असं खाली लिहिलेलं. मी समुद्र पाहिलेला नाही. पण तो कोल्हापूरला नाही, एवढं मला माहीत आहे. मी बराच वेळ तिथून हललो नाही, तेव्हा राखणीला बसलेले म्हातारे उठून जवळ आले.

"हे इथं कुणी आणलं असेल?" मी विचारलं.

"ज्याला पायजे हुतं त्यानं."

"पण इतक्या लांबून?"

"लांबनं येणारा मानूस देव न्हाय आणणार तर काय आणंल? हात तेवढा लावू नका."

रात्र स्टँडवर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड घ्यायला वळिवड्याला उतरायचं म्हणून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास. गाडी थांबली आणि आपलं स्टेशन निघून जाईल या भीतीने मी उडी मारून उतरलो. ते वळिवडे नव्हतंच, अलीकडचं गुळाच्या बाजाराचं छोटं स्टेशन होतं. गाडी गेली. मग रुळांच्या कडेने चालत सुटलो. वाऱ्यावर गुळाचा वास होता आणि दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे असा ऊस होत नाही. दादाला हे सांगायचं, असं मनात ठरवलं.

वळिवड्यालगतच गांधीनगर आहे. सिंधी लोकांची वसाहत. दुकानाला दुकान लागून कापडाची बाजारपेठ, आणि गिऱ्हाईक साऱ्या जिल्ह्यातून येतं. वहिनीने बाळूच्या झबल्यासाठी कापड सांगितलं होतं. एका दुकानात शिरलो. तिशीतले गोरेपान शेठ गादीवर बसले होते. त्यांना सगळे खेमूशेठ म्हणत. सिंधी माणूस काहीतरी वेगळं बोलेल असं मला वाटलं होतं.

"या की पावणं, आत या. काय दावू?" ते मोठ्याने म्हणाले.

कापड पसंत पडलं. त्यांनी गज हातात घेऊन विचारलं, "प्वार केवढं हाय?"

मला सांगता येईना. हात मांडीपाशी धरला, मग थोडा खाली आणला. "उंची नक्की माहीत नाही. आमच्यात पोराचं माप घेत नाहीत. नजर लागते म्हणतात."

शेठ हसले. "आमच्यात बी घेत न्हवतं. कुठलं म्हणायचं तुमी?"

मी गाव सांगितलं, धरणाचं सांगितलं, आणि कसं कोण जाणे, वहिनीचा प्रश्नही सांगून टाकला. शेठचं हसू गेलं. गज खाली ठेवून ते उठले.

"मग ह्ये बघूनच जावा."

दुकानाचा पुढचा भाग सिमेंटचा, नवा. मागे मात्र जुनी कौलारू बराक होती. बुटकी, लांबच लांब, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्या. आतल्या दाराची चौकट निळ्या रंगाने रंगवलेली होती. तिचा एक खांब मात्र उघडा, बिनरंगाचा. त्या खांबावर खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा होत्या.

सर्वांत खोल रेघांपुढे इंग्रजीसारखी अक्षरं कोरली होती. मी लावून वाचलं : जानेक. मुलाचं नाव की मुलीचं, कळलं नाही. पुढे साल. ४४, त्याच्या वर ४५, मग ४६, ४७. त्या रेघांच्या आसपास उर्दूसारखी दिसणारी अक्षरं होती, आणि अलीकडच्या बाजूला बालवळणाचं मराठी : दीपा, दीपा, दीपा.

"दीपा माझी लेक. डोळं मोठं करून स्वतःच लिवती. मधलं सिंधी, ते माझं. आणि ह्यो," त्यांनी जानेकवर बोट ठेवलं, "पोलंडवाला."

महायुद्धात घरंदारं गेलेली पोलंडची माणसं कोल्हापूर संस्थानाने इथे ठेवून घेतली होती, त्यांच्यासाठी या बराकी बांधल्या. ती गेली आणि त्याच बराकीत फाळणीतून आलेले सिंधी राहिले. हे मला शेठकडूनच कळलं. आमच्या पुस्तकात पोलंड एका ओळीत येतं, युद्ध तिथे सुरू झालं म्हणून. त्या ओळीतली माणसं माझ्याच जिल्ह्यात राहून गेली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

शेठची आई बाजेवर बसून पापडाचं पीठ मळत होती. तिला ते अमां म्हणतात. काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं आणि ती सिंधीत बोलू लागली. शेठ मला मराठीत सांगत होते. मधूनच ती त्यांना थांबवून स्वतः मराठीत दुरुस्ती करत होती.

कराचीहून बोटीने, मग रेल्वेने ती इथे आली तेव्हा खेमू दीड वर्षाचा होता आणि उभाही राहत नव्हता. वाटेत त्याचं अंग पार सुकून गेलं होतं. रिकामी खोली पुसताना तिला या रेघा दिसल्या. सुताराच्या असतील असं वाटलं. वळिवड्याची एक दूधवाली पोलंडवाल्यांच्या आणि सिंध्यांच्या, दोन्ही वेळी इथे रतीब घालायची. तिने सांगितलं की गोरी बाई दर वर्षी पोराला इथे उभं करायची, त्याच्या डोक्यावर पुस्तक ठेवायची आणि चाकूने रेघ मारायची.

"मला भ्या वाटलं," अमां स्वतः म्हणाली. "माप चांगलं नाही. राख घेतली हातात, घासायला."

"मग?"

"मग बघितलं. पहिली रेघ इथं, शेवटची इथं." पिठाच्या हाताने तिने हवेत दोन जागा दाखवल्या. "जागा परकी. पाणी परकं. बोली परकी. पण त्या बाईचा पोरगा वाढला की नाही? मग माझा का नाही वाढणार?"

राख टाकून तिने खेमूला बखोटीला धरून त्या खांबाशी उभं केलं आणि रेघ मारली.

"म्हंजे माझी पहिली रेघ लबाडीची," शेठ म्हणाले. "मी उभाच न्हवतो. हिनं धरलंतं."

"दुसरी खरी आहे," अमां म्हणाली.

मी विचारलं, जानेक पुन्हा कधी आला का. नाही. पण आला तर दाखवायला हवं, म्हणून दर दिवाळीला चौकट रंगवतात आणि हा खांब सोडतात. आता बराक पाडून मागेही पक्कं बांधायचं चाललंय. "गवंडी म्हणतो चौकट वाकडी हाय, नव्या भिंतीत बसत न्हाय," शेठ म्हणाले. "आणि ही त्याला म्हणती, मग भिंत वाकडी बांध."

अमांनी मला कोकी (कांदा घातलेली जाड पोळी) आणि दही खायला घातलं. शेठनी कापड फाडताना गज थोडा पुढे सरकवला. "वाढत्या अंगाचं घ्या," एवढंच म्हणाले.

दुपारी एसटीने नव्या जमिनीकडे गेलो. फाट्यापासून बरंच चालावं लागलं. डोंगर कुठेच नाही, चारी बाजूंनी आभाळ. जमीन काळी, भेगाळलेली. पत्र्याच्या शेडच्या दोन रांगा. शेजारच्या गावच्या एक आक्का ओळखीच्या निघाल्या. त्यांनी तांब्या भरून पाणी दिलं. पाणी मचूळ होतं. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं विचारायला आलास न्हवं? ताप आलता. पाऊस पडत हुता, रस्ता न्हाय, दवाखाना लांब. पाण्याचा दोष न्हाय बाबा. तरी बी मी उकळून घालत्ये."

"बाकीची पोरं?"

"ती काय उंडारत्यात." खरंच, शेडमागे पाच-सहा मुलं एक टायर पळवत होती.

त्यांच्या शेडला चौकट नव्हती, नुसता गोणपाटाचा पडदा. आमच्याकडे घर बांधताना चौकट उभी करायच्या दिवशी हळद-कुंकू वाहून पूजा करतात. पूजा केलेला उंबरा उपटायचा कसा, म्हणून आक्कांच्या घरच्यांनी ती तशीच मागे सोडली होती. "आता वाटतंय आणाय पायजे हुती," त्या पडदा बाजूला करत म्हणाल्या. "दारातनं आत आल्यासारखंच वाटत न्हाय."

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. चुलीपाशी बसून मी सगळं सांगितलं. ऊस, काळी जमीन, मचूळ पाणी, लांबचा दवाखाना, आक्कांची मागे राहिलेली चौकट, काही झाकलं नाही. पोर वाढेल का, याचं उत्तर मला देता येत नाही, हेही सांगितलं. मग वळिवड्याच्या खांबाचं सांगितलं. इतिहासात आधी मोठ्या माणसांचं आणि नंतर लहानांचं येतं असं मला वाटत असे. त्या रात्री मी पहिल्यांदाच नुसतं लहानांचं सांगत होतो.

वहिनीने एकच विचारलं. "त्या पयल्या पोराची शेवटची रेघ कुठवर हुती?"

मी उभा राहून दाखवलं. माझ्या छातीपर्यंत.

वहिनी मग उठली, फळीवरची काजळाची डबी काढली आणि झोपाळलेल्या बाळूला दाराच्या खांबाशी उभं केलं. तो वाकडा होऊ लागला तसं तिने त्याला बखोटीला धरलं आणि काजळाचं बोट त्याच्या डोक्यालगत खांबावर ओढलं. उरलेलं काजळ त्याच्या गालाला लावलं.

"काजळाची रेघ हाय," ती दादाला म्हणाली. "नजर लागायची न्हाय."

दादा चौकटीपाशी गेला. वरचं आडवं लाकूड चाचपलं, उंबऱ्याची रुंदी वितीने मोजली.

"चौकट सोडवायला सुताराला बलवायला पायजे," तो म्हणाला. "आणि ती रेघ पुसू नगंस म्हणून आधीच सांगाय पायजे."