नाचताना अडकलेल्या मम्मी

पडद्यावर आग्नेलच्या मम्मी एक हात वर करून थिजल्या होत्या. अंगावर रंगीत कागदांचा पाऊस, मागे बँडवाले, आणि चित्र हलेचना.

"ही बाई कोण?" कॉलवरून आमच्या बॉसनी, शेणॉय सरांनी विचारलं.

"माझी मम्मी, सर. बहिणीच्या लग्नातली क्लिप आहे," आग्नेल म्हणाला.

आम्ही टीव्हीला जोडायच्या बॉक्ससाठी व्हिडिओची चिप बनवत होतो. चिप कारखान्यात जाण्याआधी डिझाइन एका मोठ्या बोर्डवर चालवून बघतात. तो बोर्ड माझ्या नायगावच्या फ्लॅटवर, डायनिंग टेबलवर होता. माझा सहकारी आग्नेल वसईहून स्कूटरने यायचा. चार दिवसांवर क्लायंटचा डेमो होता.

"डेमोतून ही क्लिप काढून टाका," सर म्हणाले. "बाकी सगळं चालतंय ना?"

"सर, लोक घरी लग्नाचेच व्हिडिओ बघणार," मी म्हटलं.

"मग क्लॉक वाढवा," सर म्हणाले. म्हणजे चिपचा वेग वाढवा. पण त्याने चिप तापते आणि बॉक्समध्ये पंखा नव्हता.

आमच्या चिपमध्ये पाइपलाइन होती. घरी तिघं भांडी घासायला बसतात तशी. एक घासतो, दुसरा विसळतो, तिसरा पुसतो. तिघांचे हात एकाच वेळी चालतात. इथे पहिला टप्पा व्हिडिओचा सांकेतिक मजकूर उलगडतो, पुढचे त्यातून चित्र उभं करतात.

"पहिल्या टप्प्याचेच दोन तुकडे करूया?" आग्नेल म्हणाला.

"नाही होणार. मागचं अक्षर कळल्याशिवाय पुढचं वाचता येत नाही."

आम्ही प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजला. नुसत्या आकाशाचा तुकडा पहिला टप्पा चुटकीसरशी उलगडायचा. उडत्या कागदांचा मजकूर लांबलचक, तिथे तो रेंगाळायचा. आणि आमचे सगळे टप्पे एकदमच पुढे सरकायचे. त्यामुळे पहिल्याला उशीर झाला की बाकीचे रिकामे उभे. तो मोकळा असला तरी पुढच्यांसाठी थांबलेला.

"याला एकट्याला पुढे पळू दे," मी म्हटलं. "उलगडलेलं सगळं मेमरीत ठेवायचं. पुढचे टप्पे तिथून उचलतील. शांत दृश्यात साठा होईल, नाचात तो कामाला येईल."

आग्नेल हसायलाच लागला. "एवढंच? पण व्हिडिओ सुरू व्हायला किंचित उशीर होईल."

सरांनी क्लायंटला तिथल्या तिथे फोन लावला. क्लायंटच्या मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांना कळणार नसेल, तर चालेल."

दोन दिवस आम्ही टेबलावरच जेवलो, बोर्ड सरकवून. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लिप लावली. बँड सुरू झाला, कागद उडाले, आणि मम्मी एकदाही न थांबता गिरकी घेऊन गेल्या. आग्नेल ओरडला. मीही ओरडले. शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, "मॅच आहे काय?"

आग्नेलने लगेच व्हिडिओ कॉल लावला. "मम्मी, आता तू अडकत नाय!"

"मी कधी अडकले होते रे?" त्या म्हणाल्या.

डेमोत मॅडमनी ती क्लिप पुन्हा लावायला सांगितली आणि मंजुरीची सही केली. डिझाइन वेळेत कारखान्यात गेलं, चिप बनून आली, पहिल्याच दिवशी चालली. सरांनी पेढे वाटले.

क्लॉक वाढवण्याआधी कोण कोणासाठी थांबलंय ते बघावं. हा उपाय स्वस्त पडतो आणि चिप तापतही नाही.