डाव्या बाजूचा कपॅसिटर

आमचे हे, म्हणजे जीवन, जात्याच भित्रे. पालीला भितात, लिफ्टला भितात, माझ्या आईला तर फारच. पण म्युझिक प्लेअर हातात आला की सुरीने त्याचं पोट उघडताना बोट थरथरत नाही. आत डाव्या कानाचा एक नि उजव्याचा एक, असे बारीक कपॅसिटर असतात. ते काढून मोठे बसवले की गाणं मोकळं होतं, असं यांचं म्हणणं. दिवसभर द्रोणागिरीच्या गोदामात फोर्कलिफ्टची घरघर ऐकायची आणि रोडपालीला घरी येऊन हा उद्योग. खारघरची कॉलेजातली मंडळीही आपापले प्लेअर घेऊन यायची.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने एकदा यांना सुनावलं होतं, "साहेब, मशीनमध्ये काही फरक पडत नाही. फरक तुमच्या कानात आहे." हे वाक्य आठवून आमच्याकडे सगळे पोट धरून हसायचे.

२०१० च्या दिवाळीनंतर यांच्या स्वतःच्या प्लेअरची डावी बाजू दबली. कपॅसिटर बदलला, सोल्डरचा डाग पुन्हा दिला, वायर बदलली. आवाज तेवढाच. हे बोलेनासे झाले. मी ताट वाढून हाका मारायचे, उत्तर नाही. भिंतीशी संसार करतेय का मी, म्हणून चिडायचे.

एका रविवारी सहज म्हटलं, "अहो, इअरफोन उलटे घालून बघा ना. उजवीकडून कमी आलं, तर खोट प्लेअरची."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा कळलं, ही गोष्ट यांना कधीच सुचली होती. भीतीने केली नव्हती. उगाच बोलले असं झालं.

"तूच घाल," हे म्हणाले.

मी यांच्या कानात उलटे घातले. गाणं लावलं. यांनी डोळे मिटले. मी मनात एकवीरा आईला हात जोडले, जळू दे मेला तो प्लेअर, पण उजवीकडूनच कमी येऊ दे.

यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवले नि समोर बघत राहिले. मी यांच्या डावीकडेच बसले होते, हळूच विचारलं, "काय झालं?"

यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"अहो, सांगा ना."

पंखा फिरत होता. मी उठले, वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले नि तितक्याच हळू पुन्हा विचारलं.

हे दचकले. "डावीकडूनच कमी येतंय," म्हणाले. मग माझा हात घट्ट धरला. "कीर्ती, तू आधी पण विचारत होतीस का?"