फलालीनच्या फळ्यापुढची बाई

एकोणीसशे साठनंतरची दोन-तीन वर्षं मी डहाणूला आरोग्य शिक्षक होतो. वडील रेल्वेत होते, घर स्टेशनाजवळ होतं. वय तेवीस. माझं काम म्हणजे गावोगावी जाऊन देवीचा रोग कसा पसरतो ते लोकांना समजावणं आणि त्यांना देवी काढून घ्यायला, म्हणजे लस टोचून घ्यायला, तयार करणं.

विषाणू हा शब्द तेव्हा मलाही नवाच होता. डोळ्याला न दिसणारी गोष्ट दाखवायची कशी, यासाठी आम्हाला एक फलालीनचा फळा दिला होता. त्यावर कागदी चित्रं चिकटायची, कारण चित्रांच्या आणि टिकल्यांच्या मागे सँडपेपर लावलेला असायचा. घर, आई, मूल, गोधडी, पाण्याचं मडकं. आणि डबाभर लाल टिकल्या. टिकली म्हणजे विषाणू. मी गावकऱ्यांना पुढे बोलवायचो आणि विचारायचो, "आईला रोग झालाय. आता तो कुठे जाईल? तुम्हीच लावा." माणसं हसत हसत यायची, गोधडीवर टिकली लावायची, मुलावर लावायची. खेळ सगळ्यांना आवडायचा. खेळ संपला, की देवी काढणारा पेटी उघडायचा आणि माणसं उठून घरी जायची.

आमच्या दवाखान्यात एक आया होती. तिला तरुणपणी देवी आल्या होत्या. चेहराभर खड्डे, डावा डोळा पांढरा. तिला बरोबर न्यावं ही कल्पना माझी. पुढे अनेक वर्षं मी ती डॉक्टरांची होती असं सांगत आलो. कल्पना माझीच होती.

"माझं तोंड दाखवायचं लोकांना?" तिने विचारलं.

"त्यांच्या भल्यासाठी."

"बोलायला लागेल?"

"नाही. नुसतं उभं राहायचं."

ती हंगामी होती. कायम होण्यासाठी मी डॉक्टरांकडे शब्द टाकीन, असं मी म्हणालो. मग ती हो म्हणाली.

पहिला कार्यक्रम सरावलीला झाला. मी फळ्यावरची आई काढली आणि तिच्या जागी हिला उभं केलं. हातातल्या छडीने तिचे गाल दाखवले, डोळा दाखवला. बायकांमधल्या एकीने पोराला उचलून जवळ आणलं आणि त्याचं बोट तिच्या गालावरून फिरवलं. मी अडवलं नाही. त्या दिवशी पेटीपुढे रांग लागली.

त्यानंतर ती प्रत्येक गावाला आली. माझी जीभही सैल होत गेली. तिची दोन मुलं त्याच रोगात गेली होती, हे तिने जीपमध्ये एकदा सहज सांगितलं होतं. पुढच्याच गावात मी ते सगळ्यांपुढे सांगितलं. "हिने वेळेवर देवी काढून घेतल्या असत्या, तर ती दोघं आज खेळत असती." तिने पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. पुढच्या गावी मी तेच वाक्य पुन्हा वापरलं.

तलासरीच्या पलीकडे डोंगराकडच्या एका गावाला जायचं होतं, त्या सकाळी ती म्हणाली, "आज मी नाही येत. तिथं माझ्या मुलीची सोयरीक झालीय."

"मग काय झालं? सरकारी कामाला आलीस म्हणून मान देतील."

ती आली, पण पदर पुढे ओढून उभी राहिली. "पदर काढ. लोकांना दिसू दे," मी सगळ्यांसमोर म्हणालो. तिने काढला.

मी टिकली लावायला कुणीतरी या म्हणालो. एक मध्यमवयीन, थट्टेखोर माणूस उठला. "रोग कुठे आहे ते दाखवू?" असं म्हणत त्याने टिकली फळ्यावर न लावता तिच्या गालावर दाबली. टिकली खाली पडली. त्याने उचलून पुन्हा दाबली, सँडपेपरची बाजू आत ठेवून. लोक हसले. मीही हसलो. टिकली पडेपर्यंत ती तशीच उभी होती.

त्या दिवशीची रांग तोवरची सगळ्यात मोठी होती. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "मागे पिंपळाखाली जो माणूस उभा होता, तो मुलाचा बाप."

आठवड्याच्या आत सोयरीक मोडली.

मी फळा घेऊन मुलाच्या बापाकडे गेलो. वरईची मळणी चालली होती. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मी समजावलं, की रोग बरा झालेल्या माणसाकडून काही पसरत नाही, तिला तर आता तो पुन्हा होणारही नाही, आणि मुलीला मी स्वतः देवी काढायला लावल्या आहेत.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

मला उत्तर माहीत होतं. सांगितलं असतं, तर लोक कमी घाबरले असते.

"गोधडीला टिकली, मडक्याला टिकली, लेकराला टिकली. तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "आणि समजा रोग नसेलही. ज्या बाईला सगळा गाव हसला, तिची मुलगी मी घरात आणू? माझ्या बायकोला पाणवठ्यावर जायचंय रोज."

मी तिला येऊन सांगितलं. ती फरशी पुसत होती. "मी आधीच बोलले होते तुम्हाला," एवढंच म्हणाली. मी पुढच्या सोमवारच्या गावाचं नाव सांगितलं. तिने बादली उचलली, मोरीत ओतली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. डॉक्टरांकडे शब्द टाकायचा राहूनच गेला.

पुढच्या वर्षी त्या डोंगरपट्ट्यात देवीची साथ आली. शेजारच्या गावात घरंच्या घरं बसली. आम्ही कार्यक्रम केलेल्या गावात एकही माणूस आजारी पडला नाही. वरिष्ठांकडून माझं कौतुक झालं. ते कळल्यावर मला वाटलं, तिला हे सांगायला हवं. तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत होती.

ती नरपडला भावाकडे राहत होती. चिकूच्या वाडीत गळलेली फळं गोळा करत होती. मुलगी तोवर गुजरातेत एका बिजवराला दिली होती. त्याला आधीची तीन मुलं होती.

मी सगळं सांगितलं. तिने वाकूनच ऐकलं.

"त्या मुलाच्या घरातले सगळे बरे आहेत?"

"आहेत."

"मुलाचं लग्न झालं?"

"झालं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाखाली गेली.

तिचा भाऊ ओट्यावर बसला होता, त्याने मला बस म्हटलं नाही. मग मी सायकल काढली आणि डहाणूला परत आलो.