यादीत राहिलेला रुपचंद

साहेब व्हायचं माझ्या नशिबात नव्हतं. सातवी शिकलो ती गावच्या शाळेत. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या अभिमननं मला रोज दुपारी तासभर साहेब केलं.

पोरगा आमच्या सोनगीरचाच. धुळ्याला एका क्लासात कॉम्प्युटर शिकला होता. नाशिकच्या एका कारखान्यात सगळे कॉम्प्युटर, त्याच्या भाषेत मशिनी, सांभाळायची जागा निघाली होती, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मुलाखत. अभिमननं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रश्न मराठीत लिहून दिले. "नाना, तुम्ही फक्त विचारा. आणि तोंड वाकडं ठेवा, साहेबासारखं." तोंड माझं देवानंच तसं दिलंय, त्याला वेगळी तयारी लागली नाही.

मी विचारायचो, "डीमन म्हणजे काय?" तो म्हणायचा, "कुणाला न दिसता मागं बसून सतत काम करतो तो." मी म्हटलं, "म्हणजे आमच्या खळ्यावरचा मुंजा." पोरगं हसलं. पन्नास मशिनींचं काम एकाच हुकुमात कसं करायचं, ठरल्या वेळी ते आपोआप कसं चालेल, हे सगळं तो धडाधड सांगायचा. मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मान हलवायचो.

अडायचा एकाच प्रश्नाला. झॉम्बी प्रोसेस. पहिल्यांदा मला वाटलं, मशिनींची झोंबाझोंबी असेल.

"मशिनीत एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं, नाना. पहिलं बाप, दुसरं पोर. पोराचं काम संपतं, ते मरतं. पण बापानं..." इथं त्याचा आवाज जायचा. रोज इथंच. मुलाखतीत असंच झालं तर जागा गेली, हे त्यालाही कळत होतं.

कारण ओट्यावर पुना बसलेला असायचा, त्याचा बाप. पुनाचा थोरला पोरगा रुपचंद आदल्या पावसाळ्यात भडगावला गिरणेच्या पुरात वाहून गेला. प्रेत मामानं ओळखलं, अग्नी चुलत्यानं दिला. पुना घरातून हललाच नाही. तेव्हापासून जेवायला बसला की म्हणायचा, "थांबा, रुपचंद हात धुई ऱ्हायना." आणि त्याची बायको भिकुबाई थांबायची. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पुना मोरीकडे बघत होता. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, मोरीतला तांब्या हललेला मला दिसला. वारा नव्हता.

आखाजीच्या आदल्या दुपारी मी पुन्हा तोच प्रश्न काढला. अभिमन पुन्हा अडला. ओट्यावरून पुनाचा आवाज आला.

"सांग ना पुढे. पोर मरनं. मंग?"

अभिमननं माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे.

"मंग बापनी एक डाव इचारानं ऱ्हास, आबा. गया का म्हनीसन. उत्तर लिधं का मशिननी यादीमातून नाव जास."

"आनि बापनी इचारंच नहीं तं?"

"नाव तसंच ऱ्हास. काम काहीच करत नहीं. मारता बी येत नहीं, मरेलच ऱ्हास."

पुना उठून आत गेला.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. त्यांच्या घरात यंदा घागर आणायचं कुणी बोललं नव्हतं. सकाळी पुना स्वतः कुंभाराकडून घेऊन आला. पाणी ओतताना मोरीकडे तोंड करून म्हणाला, "रुपचंद, गया का रे भाऊ?" आम्ही सगळे उभे होतो. काहीच हललं नाही. पुनानं मान डोलावली, कुणी काही सांगितल्यासारखी, आणि डांगर ठेवलं. त्या दिवशी तो कुणासाठी न थांबता जेवला. भिकुबाईला मात्र घास गेला नाही.

नाशिकला साहेबानं झॉम्बीचं विचारलंच. अभिमननं सबंध सांगितलं, मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही. जागा मिळाली.

पहिल्या पगाराच्या सुमारास त्यानं गावातल्या एसटीडी बूथवर फोन केला. पुनाला मीच घेऊन गेलो. त्यानं खुशाली विचारली नाही, जेवणाचं विचारलं नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "तुना मशिनमा आजून कोनी अडकेल शे का रे?"

मी कान लावून होतो.

"रोज कोनी ना कोनी अडकस, आबा," पोरगा म्हणाला. "त्याना बापले उठाडनं पडस."