आजींचे पत्ते धरायचं काम

गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका गुरुवारी सकाळी आजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बुधवारचं पोकर आता बंद करावं म्हणते. दोघांना फोन करून सांग, येत्या बुधवारी शेवटचं."

मी हो म्हटलं, कपबशी उचलली आणि आत आले. ओट्यापाशी उभी राहून तीच बशी दोनदा घासली. आजी हरत होत्या हे खरं. उन्हाळाभर हरल्या, पावसाळाभर हरल्या. पण म्हणून त्या खेळच सोडतील असं मला कधी वाटलेलं नाही. आणि सोडायची वेळ आली ती माझ्यामुळे, याबद्दल तर मला काही शंकाच नव्हती.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, नंतर बरंच काय काय सुटलं, ते इथे सांगत नाही. ठाण्याला आले ती घरी राहून म्हाताऱ्या माणसांचं बघायच्या कामाला. नौपाड्यात आजींच्या घरी मला एक छोटी खोली मिळाली, तिच्या दाराला आतून कडी होती. त्या कडीसाठी मी अजूनही मनातल्या मनात हात जोडते. आजी एकट्याच. मुलगा परदेशात. डोकं तल्लख, बोलणं खणखणीत, फक्त हात थरथरायचे. वाटी धरली की आमटी सांडायची, पेन धरलं की सही पळायची.

आमच्याकडे घरात नवीन सून आली, गाय आली, सालगडी आला, तरी पायगुण बघतात. मी आले होळीच्या थोडं आधी. आजींचं हरणं सुरू झालं होळीच्या सुमारास, हे मावशींच्या तोंडून ऐकलेलं. याच्यापुढे विचार करायची गरज काय? मी कुणाला बोलले नाही, पण दर बुधवारी वाटायचं, की आज ही माणसं माझ्याकडे बघणार आणि ओळखणार.

बुधवार म्हणजे काय ते सांगायला हवं. बाकीचे सहा दिवस आजी गाऊनमध्ये असायच्या. आंघोळीचं काढलं की "बघू गं नंतर." बुधवारी मात्र स्वतःच हाक मारायच्या, पाणी तापलं का म्हणून. खळ केलेली सुती साडी निघायची, निऱ्या मी घालून द्यायची. कोथिंबीर वड्या वाफवून ठेवलेल्या असायच्या, त्या ऐन वेळी तळायच्या. तीन वाजता मावशी यायच्या ठाकुर्लीहून. पूर्वी त्या आजींच्याच बँकेत, डोंबिवलीच्या शाखेत, कॅशियर होत्या, आणि आजी तिथल्या मॅनेजर. मागोमाग काका यायचे मानपाड्याहून. काका तिथले मूळचे, वडिलांची भातशेती होती, आता तिथे इमारती आहेत. तरुणपणी टेम्पोसाठी कर्ज मागायला आजींच्या टेबलासमोर बसले होते, तेव्हापासूनची ओळख. अजून आजींना म्याडमच म्हणतात. येताना ताडगोळे नाही तर जांभळं आणायचे, आणि दारातूनच मला विचारायचे, "काय गो बाय, आज वड्या हायेत का नुसताच चा?"

पोकर आजींना मुलानं शिकवलेलं, एका मे महिन्याच्या सुट्टीत. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. प्रत्येकाला पाच पानं. नको असतील ती टाकून नवी घ्यायची, मग ज्याला आपली पानं चांगली वाटतील त्यानं चिंचोके वाढवत जायचं. ज्याला भीती वाटेल त्यानं पानं खाली ठेवायची. गंमत अशी की पानं भिकार असली तरी चिंचोके वाढवता येतात. समोरचा घाबरला तर आपण जिंकलो. मला हे कळलं तेव्हा वाटलं, यात तर आजींना कोणी हरवूच शकत नाही. कारण आजींचा चेहरा. टेम्पोचं कर्ज मंजूर झालं का नाही हे काकांना पत्र हातात पडेपर्यंत कळलेलं नव्हतं, असं ते स्वतः सांगतात.

पण थरथरत्या हातात पाच पानं राहत नाहीत. एकदा सगळीच्या सगळी उताणी पडलेली, वड्यांच्या ताटलीत. म्हणून पत्ते धरायचं काम माझं. मी आजींच्या शेजारी स्टूल घेऊन बसायची, पानं पंख्यासारखी पसरून दोघींच्या समोर धरायची. आजी एकेका पानाला बोट लावायच्या, हे टाक, हे राहू दे. हळूहळू मलाही खेळ कळायला लागला. हे काम मला फार आवडायचं. शाळेत मला कधी कोणी पहिल्या बाकावर बसवलं नव्हतं.

आणि आजी हरायच्या. तीन राण्या आल्या, की काका आणि मावशी लगेच पानं खाली ठेवायचे. मिळायचे चार चिंचोके. पानं भिकार असताना आजींनी दगडासारखा चेहरा करून वाडगाभर चिंचोके पुढे सरकवले, की काका खुशाल तेवढेच सरकवायचे आणि वर मिशीत हसायचे. मी मनात म्हणायची, बघा, पायगुण.

त्या गुरुवारी मी आधी मावशींना फोन लावला. निरोप सांगता सांगता रडायलाच आलं. म्हटलं, "मावशी, तुमी आजीले समजावा. दुसरी बाई पाहा म्हणा, मी जातो. माहा पायगुणच चांगला नाही."

 पलीकडे मावशी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

"अगं, पाय कुठून आले मधे? तुझं तोंड बघतो आम्ही."

मग त्यांनी मला माझंच तोंड समजावून सांगितलं. चांगली पानं आली की मी म्हणे आजींकडे अशी बघते, जसं काही त्यांचा दहावीचा निकाल लागलाय. नुसती जोडी असली तर ओठ चावते. आणि पानं वाईट असली की लगेच उठते, कुणाला चहा हवाय का विचारायला. काका तर आजींच्या पानांकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघून खेळतात.

"आजींना माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला? तिला तर आमच्या आधी कळलं."

मी फोन ठेवला. मला लाज वाटायला हवी होती, पण आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. पायगुण बदलता येत नाही. तोंडाचं काहीतरी करता येईल. मी बाहेर गेले. आजी पेपर मांडीवर ठेवून वाचत होत्या.

"आजी, तुम्ही मला सांगितलं काहून नाही?"

कशाबद्दल ते त्यांना सांगावं लागलं नाही. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "काय सांगायचं होतं? आलीस तेव्हा पहिले काही आठवडे तुझ्या तोंडावरची माशी हलत नव्हती. जेवलीस का विचारलं तरी दचकायचीस. तेव्हा मी जिंकत होते, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. त्या दिवसांत मी पानांकडे बघतच नसे, आपण काही सांडत तर नाही ना, एवढंच बघत असे.

"मग तू हसायला लागलीस आणि मी हरायला लागले. आता तुला काय म्हणू, पुन्हा तशी बस? त्यापेक्षा पोकर सोडणं सोपं आहे."

आणि चष्मा लावून त्यांनी पुन्हा पेपर उघडला, विषय संपल्यासारखा. मी आत जाऊन गवार मोडत बसले. गवारीचे तुकडे कसे झाले ते विचारू नका. माझ्यासाठी कोणी काही सोडायचं, याची मला सवयच नव्हती. पण साडी नेसायचा बुधवार त्यांनी सोडावा हे काही मला पटेना.

बुधवारी मी तयारीने बसले. करोनातला एक मास्क कपाटात सापडलेला, तो लावला. काका म्हणाले, "डोले दिसतात ना गो," आणि खिशातला काळा गॉगल काढून दिला. तोही लावला. पहिल्याच डावाला मावशींनी पानं खाली ठेवली. का, तर माझ्या पायाचा अंगठा नाचत होता. दुसऱ्या डावाला मी पाय साडीखाली घेतले, तर मास्क आतबाहेर व्हायला लागला. काकांना ठसका लागला. मी गॉगलमधून आजींकडे वळले, आणि आजींना हसू फुटलंच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पदर तोंडावर घेतला तरी थांबेनात. मावशी म्हणाल्या, हिला हसताना बघून किती वर्षं झाली.

सगळे हसत होते आणि मला मात्र घाई झालेली. शेवटचा बुधवार, घड्याळ पुढे चाललेलं. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर पसरट डबा, त्यात तांदूळ, सकाळीच निवडलेले. डबा उचलून आणला, आजींच्या समोर ठेवला आणि पाचही पानं त्यात एकेक करून खोचली. पानं उभी राहिली. त्यांचं तोंड आजींकडे, पाठ बाकीच्यांकडे. आजींनी थरथरतं बोट नेलं, एक पान उपसलं, पुन्हा खोचलं. तांदूळ थोडे सांडले, पान नाही पडलं.

 आजी त्या पानांकडे बघत होत्या. आणि मला तेव्हा कळलं, की पत्ते धरायचं माझं काम मी स्वतःच्या हातानं संपवलंय. मी स्टूल उचललं. म्हटलं, चहा टाकते.

"स्टूल कुठे नेतेस?" आजी म्हणाल्या. "ते तिकडे ठेव, माझ्या समोर. काका, हिलाही पानं वाटा."

"मला? आजी, मला नाही जमणार."

"हरशील," आजी म्हणाल्या. "त्यात काय."

मावशींनी मूठभर चिंचोके माझ्या पुढ्यात ओतले. काकांनी पानं वाटली, आजींनी आपली एकेक करून तांदळात खोचली. मी उचलून बघितली तर तीन राजे. मास्क काढलेला, गॉगल काढलेला. काका आणि मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पानं खाली ठेवली. राहिल्या आजी. त्यांनी एक पान बदललं, आणि मग तांदळाच्या डब्याआडून हाताच्या कडेने चिंचोक्यांचा सगळा ढीग पुढे ढकलला. सगळा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काहीही नाही. टेम्पोचं कर्ज मागायला बसल्यासारखं वाटलं. मी माझे तीन राजे खाली ठेवले.

आजींनी डबा आमच्याकडे फिरवला. दुर्री, चौका, सत्ता, गुलाम, आणखी काहीतरी. जोडीसुद्धा नव्हती.

काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "आयल्या, म्याडम आयल्या परत."

आजींनी माझे चिंचोके दोन्ही हातांनी ओढून घेतले. काही सांडले, मी वाकून वेचले आणि त्यांच्याच वाडग्यात टाकले. इतक्या आनंदानं मी आजवर काही गमावलेलं नाही.

"मग?" आजी म्हणाल्या. चेहरा तसाच. "शेवटचा बुधवार म्हणालो होतो आपण. बंद करायचं?"

"आत्ता?" मी म्हटलं. "आत्ता तर मी हरायला लागले. काका, पिसा."