चेन दिसली पाहिजे

सोफे आणि गाद्या शिवणाऱ्या काकांनी आयुष्यात एकच राक्षस शिवला, आणि तो त्यांना चांगलाच महागात पडला.

तरुणपणी एका हौशी निर्मात्याने त्यांना गाठलं होतं. परग्रहावरून आलेला प्राणी हवा, पण खर्च करायचा नाही. काकांनी उरलासुरला फोम आणि सोफ्याचं हिरवं रेक्झिन जोडून प्राणी उभा केला. आत शिरायला कुणी तयार होईना, म्हणून स्वतःच शिरले. पाठीवरची चेन झाकायला त्यांनी खवल्यांची पट्टी हाताने शिवली होती. तळ्यातल्या दृश्यात फोम पाणी प्यायला, पट्टी उसवली, आणि तेच दृश्य पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. पहिल्या खेळाला पडद्यावर चेन चमकली आणि सगळं थिएटर हसून लोळलं. मध्यंतरानंतर निम्मे लोक परतलेच नाहीत. काका मान खाली घालून घरी आले. पुढे लग्न झालं, संसार झाला, पण तो सिनेमा त्यांनी काकूला कधी पाहू दिला नाही. विषय निघाला की त्यांना हटकून दुकानातलं काम आठवायचं.

आणि एके दिवशी पुतणीच दुकानात येऊन उभी राहिली. कचेरीतल्या मित्रमैत्रिणींना घेऊन ती जुन्या भुताखेतांच्या, उडत्या तबकड्यांच्या सिनेमांची नक्कल करणारा एक सिनेमा काढणार होती.

"काका, तसाच प्राणी हवाय. आणि चेन दिसली पाहिजे हं!"

काकांच्या हातातली कात्री थांबली. "म्हणजे माझी थट्टा करणार तुम्ही."

"थट्टा तर करणारच. काकू नाही का दिवसभर तुमची करत? परक्या माणसाची कोण करतं?" मग ती जरा घुटमळली. "लहानपणी कुठूनशी ती कॅसेट मिळाली होती. सगळे हसायचे. मला त्या प्राण्याची कीव यायची. एकटाच होता बिचारा."

काका पुन्हा कापड कापायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी फोम कापायला घेतला. "मुद्दाम वाईट शिवायला मला जमणार नाही," त्यांनी बजावलं. "मी जीव ओतून करतो. वाईट काय, ते आपसूक होईल."

आणि झालंही तसंच. एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर गेला, शेपूट डावीकडे कललं. आत शिरणारा मित्र उकाड्याने घामाघूम होऊन बाहेर आला, तो पुन्हा आत जाईना. काकांनी चष्मा काढून काकूच्या हातात दिला.

"अहो, गुडघे बघा आणि उड्या बघा!" काकू म्हणाली, पण पाठीवरची चेन तिनेच ओढली.

आत तोच रबराचा वास, तोच आपलाच श्वास कानात. शास्त्रज्ञ झालेल्या मैत्रिणीने केस वाळवायचं यंत्र बंदुकीसारखं रोखलं. काकांनी धाडकन पडायचं होतं. पण ते हळूच गुडघ्यावर बसले आणि त्यांनी एक हात आकाशाकडे नेला. पहिल्या सिनेमातही त्यांनी हेच केलं होतं. चेनीच्या हशात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुतणी "कट" म्हणायचं विसरली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा लोक पोट धरून हसले. चेन दिसली तेव्हा तर टाळ्या पडल्या. काका खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेपूट गळून पडलं तेव्हा मात्र त्यांनाच खुदकन हसू फुटलं. पडद्यावर तो हात वर गेला आणि कुणीतरी मागून "अरेरे" म्हणालं. कुणी उठून गेलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी पुतणीकडून जुना सिनेमा मागवून घेतला आणि काकूला शेजारी बसवलं. ती आधी पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग प्राणी चिखलातून चालत गावाकडे निघाला, तशी ती पुढे सरकली.

"अहो, हे तर तुमचंच चालणं," ती म्हणाली. "दुकान बंद करून येताना अस्सेच येता. मला जिन्यावरच कळतं."

काकांनी आवाज थोडा वाढवला आणि पुढचं दृश्य कसं घेतलं होतं, ते तिला सांगायला लागले.